बाप काढावा की बाप सांभाळावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



फलकावर विषयाचे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. धर्मस्थानाच्या प्रांगणात ‘बाप काढणे’ हा काय विषय झाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु घरोघरी दिवसातून दहा वेळा उच्चारले जाणारे शब्द धर्मस्थानात तपासून पाहण्यास हरकत नसावी. व्यापारी जसा वर्षअखेरीस शिल्लक मालाची मोजदाद करतो, तशी जिभेवरच्या शिल्लक मालाचीही मोजदाद कधी तरी व्हायला हवी.

मराठी भाषेने आई-बापांना जितकी नावे दिली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला दिली असतील. ‘बाप’ हा शब्द प्राकृतातील ‘बप्प’ या शब्दापासून आला आणि ‘माता’ या शब्दाचे प्राकृतातून येता येता ‘माय’ झाले. या शब्दांची शेकडो वर्षांची वाटचाल पाहिली म्हणजे मोठी गंमत वाटते. एकाच ‘बाप’ शब्दाला भक्तीचा स्पर्श झाला की तो ‘गणपती बाप्पा’ होतो आणि रागाचा स्पर्श झाला की ‘तुझ्या बापाचे काय जाते?’ होतो. वारकऱ्याने पंढरीच्या विठ्ठलाला आणि आळंदीच्या ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटले. त्याच महाराष्ट्रात रस्त्यावर सायकलला सायकल घासली तर पहिला उद्धार आईचाच होतो. देव्हाऱ्यात बसवायलाही आई आणि शिवी द्यायलाही आई! ज्याच्यावाचून चालत नाही, त्याचेच नाव माणूस सर्वाधिक वापरतो आणि सर्वाधिक झिजवतोही.

म्हणींच्या भांडारातही हाच प्रकार. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ ही म्हण पुरावा मागताना वापरली जाते. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही दोन्हीकडून झालेली कोंडी सांगते. ‘खाण तशी माती’ ही म्हण मुलाच्या दोषाचा आळ थेट आई-बापांवर टाकते. ‘आईचा काळ, बायकोचा मवाळ’ ही तर लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच चुलत्या-मावश्यांच्या तोंडी येते. ठेच लागली की ‘आई गं’ आणि साप दिसला की ‘बाप रे’, हे निरीक्षण तर व्याख्यानांतून इतक्यांदा ऐकवले गेले आहे, की त्याची पुनरुक्ती नको.

बाजारपेठेचा तर या शब्दावर विशेष लोभ. ‘बापाचा माल आहे का?’ असे हमाल पोती फेकणाऱ्याला विचारतो. ‘बापाची पेंड’ असे मुनीम फुकट्या गिऱ्हाइकाला सुनावतो. ‘बापजन्मात असा भाव ऐकला नाही’ असे गिऱ्हाईक दुकानदाराला ऐकवते. आणि अलीकडच्या मुलांच्या तोंडी हाच शब्द कौतुकाचा होऊन बसला आहे. कोणी अफाट काम केले की ‘बाप माणूस!’ म्हणून त्याचा गौरव होतो. याचा अर्थ असा की मोठेपणासाठी अखेर ‘बाप’ हेच माप तरुणांनाही सापडले. गज बदलला, वार गेला, मीटर आला. पण हे माप काही बदलले नाही.

पूर्वीच्या घरांत मुले वडिलांना ‘बाबा’ म्हणतच असे नव्हे. एकत्र कुटुंबात काका, आत्या जे म्हणत तेच मुले म्हणत. म्हणून कोणाचे वडील ‘दादा’ असत, कोणाचे ‘तात्या’, कोणाचे ‘नाना’. साने गुरुजींच्या श्यामचे वडील ‘भाऊ’ होते. कोल्हापूर-सांगलीकडील घरांत ‘आण्णा’, ‘आप्पा’ आणि ‘आक्का’; गुजराती भाषक घरांत ‘बापुजी’ आणि ‘बा’; मारवाडी घरांत ‘बापूसा’ आणि ‘माँसा’. आईला ‘अगं आई’ असे एकेरी आणि वडिलांना ‘अहो’ असे आदरार्थी बोलावण्याची मराठी रीत होती. आईशी भांडता येत असे, वडिलांशी फक्त बोलता येत असे, तेही आईच्या मार्फत! आज बहुतेक घरांत ‘ए बाबा’ आला आहे. त्यात आदर घटला असे मानण्याचे कारण नाही; भीती घटली, एवढेच. ‘अहो’ म्हणून वडिलांच्या औषधाचे पैसे न देणारा मुलगा आणि ‘ए बाबा’ म्हणून रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात नेणारा मुलगा, यांत आदर कोणाच्या पदरात टाकायचा हे सांगायला नको.

पत्रव्यवहाराच्या काळात ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ या मायन्याने पत्र सुरू होई. वसतिगृहातील मुलांनी त्यातला ‘तीर्थरूप’ उचलला आणि मनीऑर्डर आली की ‘आमचे तीर्थरूप प्रसन्न झाले’ असे म्हणू लागले. पुढे १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ या मालिका सुरू झाल्या आणि ‘पिताश्री’, ‘मातोश्री’, ‘भ्राताश्री’ हे शब्द गल्लीतील पोरांच्या तोंडी बसले. ‘मातोश्री’ हा मराठीतील जुना, भारदस्त शब्द. पण ‘मातोश्री, डब्यात काय?’ असे विचारताना त्याची मिस्किली झाली. त्यानंतर कडक वडिलांचा ‘हिटलर’ झाला, खिसा मोकळा सोडणाऱ्या वडिलांचे ‘एटीएम’ झाले, परवानगी देणाऱ्या आईचे ‘हायकमांड’ झाले. परवाचा तीर्थरूप, कालचा पिताश्री, आजचा एटीएम. तिन्हींत पैसे पाठवणारा मात्र तोच!

शाळेच्या मैदानावरची एक खास मराठी खोडीही येथे नोंदवली पाहिजे. मुले एकमेकांना चिडवण्यासाठी मित्राला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचे नाव असते, ते पाठ व्हायला वेळ लागत नाही. वडिलांचे नाव जितके जुन्या वळणाचे तितकी हाक मोठी. ज्याला हाक मारली जाते तो चिडतो, मारामारीवर येतो. कारण हे नाव आपल्या घरातले आहे आणि ते मैदानावर ओढले गेले, हे त्याला कळते. यालाच ‘बाप काढणे’ म्हणतात. या खोडीत एक न्याय्य भरही नुकतीच पडली आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. आईचे नाव कागदावर आले, ही आनंदाची गोष्ट. आता मैदानावरील मुलांना चिडवायला दोन नावे मिळाली, एवढाच काय तो तोटा.

येथे जैन परंपरेतील एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आगमांच्या अर्धमागधी भाषेत आई-वडिलांसाठी ‘अम्मापियरो’ हा शब्द येतो. त्यात ‘अम्मा’ आधी आणि ‘पिता’ नंतर. शासनाला जो क्रम २०२४ साली सुचला, तो आगमांच्या भाषेत पूर्वीपासून आहे.

स्थानांग सूत्रात तीन उपकारांची फेड अत्यंत कठीण असल्याचे सांगितले आहे: आई-वडिलांचे, पोसणाऱ्या धन्याचे आणि धर्माचार्यांचे. त्याचा भावार्थ असा, की मुलाने आई-वडिलांना उत्तमोत्तम तेलांनी मर्दन करावे, सुगंधी पाण्याने स्नान घालावे, अलंकार ल्यावेत, अठरा प्रकारचे पदार्थ वाढावेत आणि जन्मभर पाठीवर घेऊन फिरावे, तरीही ऋण फिटत नाही; त्यांना धर्मात स्थिर केले तरच ते फिटते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे खाते असे आहे, की मुद्दल राहू द्या, व्याजही चुकते होत नाही. आणि गंमत अशी, की हा सावकार तगादाही लावत नाही!

श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या गर्भावस्थेची कथा आहे. मातेला त्रास होऊ नये म्हणून ते गर्भात निश्चल राहिले. तेव्हा गर्भाला काही झाले की काय, या शंकेने त्रिशलामाता व्याकूळ झाली. ते जाणून त्यांनी किंचित हालचाल केली आणि आई-वडील हयात असेतो दीक्षा न घेण्याचा संकल्प केला. ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराची कथाही अशीच मनन करण्याजोगी आहे. दीक्षेची अनुमती मागणारा पुत्र आणि ती देण्यास कचरणारे राजा श्रेणिक व राणी धारिणी, यांच्यात दीर्घ संवाद होतो. मतभेद पराकोटीचा आहे, कोणी सहजी माघार घेत नाही. पण मेघकुमाराच्या तोंडून एकही अधिक-उणा शब्द निघत नाही. आई-वडिलांशी असहमत कसे व्हावे, याचा तो वस्तुपाठच होय. आजच्या घरात वाद दीक्षेवरून नसतो, मोबाइलवरून, लग्नावरून, दुकान विकण्यावरून असतो. विषय लहान आणि शब्द मात्र मोठे!

मराठी साहित्यानेही आई आणि बाप यांना सारखा न्याय दिला असे नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले आणि आई मराठी मनात कायमची जाऊन बसली. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. बापाला मात्र बराच काळ दाराबाहेर थांबावे लागले. डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ साली आले, तेव्हा ‘बाप’ हा शब्द मुखपृष्ठावर अभिमानाने मिरवला. अनेक घरांत ‘वडील’ म्हणण्याचा दंडक आणि ‘बाप’ म्हणजे उद्धटपणा, अशी समजूत होती. त्या पुस्तकाने दाखवून दिले, की ‘बाप’ म्हणूनही पाया पडता येते.

याउलट वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे १९७० साली रंगभूमीवर आलेले नाटक आठवावे. गणपतराव बेलवलकरांनी हयातीतच सर्व काही मुलांना वाटून टाकले आणि नंतर त्याच घरांत त्यांना उपऱ्यासारखे राहावे लागले. नाटक पाहून प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडत. त्यातील कितीजणांनी घरी गेल्यावर आपल्या वडिलांच्या खोलीत डोकावले असेल, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा.

हा प्रश्न केवळ नाटकापुरता राहिलेला नाही, हे कायद्यावरूनही दिसते. आई-वडिलांच्या पोटगीची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतीच. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केले. पुढे २००७ साली माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा स्वतंत्र कायदा संसदेला करावा लागला. त्यानुसार मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येते. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि नंतर देखभाल झाली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याचीही तरतूद त्यात आहे. ज्येष्ठांनी हे नीट ध्यानात ठेवावे: दानपत्र करताना देखभालीची अट कागदावर लिहून घ्यावी. विश्वास असावाच, पण खरेदीखत जसे तोंडी होत नाही, तसे हेही तोंडी ठेवू नये. एका बाजूला आई म्हणजे दैवत म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला तिच्या भाकरीसाठी कायदा करावा लागावा, हा समाजाच्या जमाखर्चातला मोठा फरक आहे. हा फरक एका दिवसात पडत नाही. त्याची पहिली नोंद बहुधा शब्दांत होते.

त्यासाठी तालुक्याच्या एका गावातील कापड दुकानात घडलेली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गादीवर पन्नास वर्षे बसलेले वडील. सारा बाजार त्यांना ‘अण्णा’ म्हणे. दोन्ही मुले कर्तबगार, दुकान वाढवले, काचा बसवल्या, संगणकावर बिले आली. अण्णांना नवे भाव लक्षात राहीनात. एखाद्या गिऱ्हाइकाला ते जुनाच भाव सांगून मोकळे होत. तेव्हा थोरला मुलगा हसत हसत म्हणे, “म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका, भाव मी सांगतो.” गिऱ्हाईक हसे, नोकरही हसत. काही दिवसांनी नोकर आपसात अण्णांना ‘म्हातारा’ म्हणू लागले. पुढे अण्णांनी दुकानात येणे बंद केले. गुडघे दुखतात, असे कारण सांगितले. घरात कोणाला काही खटकले नाही. उलट बरेच झाले, आता आराम करू दे, असेच सर्वांना वाटले.

त्या वर्षी लग्नसराईत जवळच्या खेड्यातील एक कुटुंब बस्ता बांधायला आले. तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. त्यातील वृद्ध शेतकऱ्याने आत येताच विचारले, “अण्णा कुठं हायेत?” सवयीप्रमाणे थोरला म्हणाला, “म्हातारा आता घरीच असतो. बसा, काय दाखवू?” तो शेतकरी बसला नाही. क्षणभर थांबून एवढेच म्हणाला, “दुष्काळात माझ्या पोरीचा बस्ता अण्णांनी पावली न लिहिता दिला व्हता. पुढच्या सुगीला मी पैसं आणलं, तवा वहीत माझं नावच नव्हतं. आधी त्यांना भेटून येतो, मग कापड बघू.” आणि तो सरळ घराकडे चालू लागला. दुकानात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. तागे उलगडलेलेच राहिले.

योगायोगाने ते वर्ष संपून पर्युषण आले. संवत्सरीच्या दिवशी थोरल्याने नेहमीप्रमाणे व्यापाऱ्यांना, पाहुण्यांना, परगावच्या अडत्यांना क्षमापनेचे निरोप पाठवले. सायंकाळी प्रतिक्रमण झाले. घरी आल्यावर तो अण्णांच्या खोलीत गेला, पायांवर डोके ठेवले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाला. पुढे काय बोलावे ते त्याला सुचेना. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने विचारले, “सकाळी दुकान कोण उघडतं?” मुलगा म्हणाला, “मीच.” अण्णा म्हणाले, “मग जाताना मला हाक मार.” दुसऱ्या दिवशी अण्णा गादीवर होते. भाव अजूनही चुकतात. पण आता थोरला म्हणतो, “अण्णांनी सांगितला तो अण्णांच्या काळचा भाव, तेवढा फरक तुम्ही मला द्या!” गिऱ्हाईक हसते, नोकर हसतात आणि अण्णाही हसतात.

या दोन वाक्यांतील अंतर हेच आजच्या विषयाचे सार होय. विनोद दोन्ही ठिकाणी आहे. पहिल्या विनोदात एक माणूस बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. थट्टेची कसोटी साधी आहे: ज्याच्यावर थट्टा केली, तो त्याच खोलीत बसून हसू शकतो का? हसू शकत असेल तर ‘हिटलर’ही चालेल, ‘एटीएम’ही चालेल. हसू शकत नसेल तर ‘पिताश्री’ हा शब्दही बोचतो. जैन आचारात ‘भाषासमिती’ आणि ‘वचनगुप्ती’ सांगितल्या आहेत, त्या मुनींना. परंतु गृहस्थाने त्यांची थोडी उसनवारी केली तर कोणी नको म्हणणार नाही. मुंगी वाचावी म्हणून खाली पाहून चालणाऱ्याने, शब्द टाकतानाही समोर पाहावे.

एक बाजू मात्र अपुरी राहता कामा नये. आई-वडीलही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नसतात. ‘दिवटे चिरंजीव’, ‘कुलदीपक’, ‘काय दिवे लावलेत’, ‘बापाचे नाव बुडवलेस’, ‘शेजारच्याचा मुलगा बघ’ या अलंकारांचा सढळ वापर घरोघरी होतो. पाहुण्यांसमोर मुलाचे गुण वाचून दाखवणारे वडील आणि गिऱ्हाइकासमोर वडिलांना ‘म्हातारा’ म्हणणारा मुलगा, यांत वयाचाच काय तो फरक. मूल ऐकून शिकते. जे त्याच्यावर उधार टाकले, तेच ते पुढे वसूल करते. नातवाला ‘दुधावरची साय’ म्हणून जपणाऱ्या आजी-आजोबांनी, कधीकाळी दुधालाही थोडे जपले असते तर बरे झाले असते, असे काही मुलांना वाटत असेल, तर तेही समजून घ्यावे.

शेवटी एका थोर पुरुषाचे स्मरण. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुले त्यांना ‘अण्णा’ म्हणत आणि लक्ष्मीबाईंना ‘वहिनी’. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. ज्यांनी त्यांना जन्म दिला नव्हता, त्या हजारो मुलांनी त्यांना आई-बापाच्या ठिकाणी मानले. ‘कर्मवीर’ ही पदवी लोकांनी दिली. पण मुलांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘अण्णा’च राहिले. नाव साधेच असते. ते कसे उच्चारले जाते, त्यावर त्याचे वजन ठरते.

या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या वास्तूच्या पायऱ्या चढणारे अनेक ज्येष्ठ आज काठी टेकत चढतात. त्यांना हात देणारे तरुणही येथे आहेत, हे समाधानाचे. एवढीच प्रार्थना, की यंदाच्या क्षमापनेचा पहिला निरोप परगावी जाऊ नये. तो घरातल्याच आतल्या खोलीत जावा. तोही लिहून नव्हे, समोर बसून. आणि त्यानंतर खुशाल एखादी थट्टा करावी. तीर्थरूप हसले, की समजावे, ऋण फिटले नसले तरी त्या दिवसाचे व्याज भरले.

जय जिनेंद्र!